हात का उचलत नाहीस

नगर,
१४ जुलै १९५८

सौ. चंद्राबाईस सलाम.

तुझं लग्न होऊन वर्ष होत आलं, पण मी तुला एकदाही पत्र लिहिलं नाही. माझी धाकटी बहीण मार्था ज्या घरात वारली, त्याच घरात तू तिच्या जागी आलीस. काय लिहावं ते सुचत नव्हतं. आता जयासाठी लिहिते आहे. ती माझ्या बहिणीची एकुलती एक मुलगी आहे, तेव्हा तिच्याविषयी विचारायचा मला अधिकार आहे असं मी धरून चालते.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या पाळकसाहेबांच्या पत्नी लिलाबाई इथं सभेला आल्या होत्या. त्यांनी सांगितलेलं ऐकून मला जेवण गेलं नाही. तुमच्या घरी प्रार्थना चालू होती. पाळकसाहेबांचं बोलणं संपलं नव्हतं, आणि जया मध्येच मोठ्यानं ‘आमेन’ म्हणाली. का, तर प्रार्थना लवकर आटपावी म्हणून. मंडळी हसली. तूही पदरात तोंड घालून हसलीस. नंतर पोरीला चापट मारायची सोडून तिच्या हातावर गूळशेंगदाणे ठेवलेस.

मी इथल्या वसतिगृहाची मेट्रन आहे. कितीतरी मुली माझ्या हाताखालून गेल्या. आमची आई वारल्यावर मार्थालाही मीच वाढवलं. तिची एक चूक मी कधी पोटात घातली नाही, आणि ती कशी निघाली ते तिच्या घरी कामाला असताना तू डोळ्यांनी पाहिलंस.

तू विश्वासात नवीन आहेस म्हणून सांगते. शास्त्र या बाबतीत गुळमुळीत बोलत नाही. लेकराला शिक्षा न करणाऱ्या आईबापांची त्याच्यावर खरी प्रीतीच नाही, असं त्यात स्पष्ट आहे. देवसुद्धा ज्यांना आपलं म्हणतो त्यांनाच शासन करतो.

म्हणून सरळ विचारते. तू जयावर हात का उचलत नाहीस? ती तुझ्या पोटची नाही म्हणून? सावत्र आई मारते असं गावानं म्हणू नये म्हणून? की ती बिघडली तरी तुझं काय जातंय, म्हणून?

उत्तर तुझ्या नवऱ्याकडून, शांतवनरावांकडून नको. तुझ्याकडून हवं.

सगुणाबाई


उरवडे,
२ आगस्ट १९५८

सगुणाबाईस चंद्राचा सलाम.

पत्र पोचलं. भाताची लावणी चालली हाय, म्हनून उशीर झाला. मास्तर म्हनाले, मी लिहून देतो. म्या म्हनलं, मला इचारलंय तर मीच लिवते. मार्थाताईनं शिकवलेलं लिवनं हाय, चुकलंमाकलं पोटात घाला.

आमेनचं खरं हाय. मी हसले त्ये बी खरं. पाळकसायेब लई येळ बोलत हुते आन् पोरीच्या पोटात सकाळधरनं काय न्हवतं. मागनं मी तिला जवळ घेऊन समजावलं. पुन्यांदा तसं करनार न्हाई म्हनाली, आन् केलं बी न्हाई. ह्ये काय लिलाबाईंनी तुमाला सांगितलं नसंल.

जया माझ्या पोटची न्हाई, ह्ये काय मला कुनी सांगाय नको. पर तिला ताप आला तर माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई. आनि काय सांगू?

मी तिच्यावर हात उचलत न्हाई, उचलनार बी न्हाई. त्याला कारन हाय. ते मास्तरांस्नी बी ठावं न्हाई. तुमाला तर मी सांगूच शकत न्हाई. इचारू नका.

आता माझं एक इचारनं हाय. लिलाबाई आमच्या घरी प्रार्थनेला येत्यात का मी काय करते त्ये बघायला येत्यात?

चंद्रा


नगर,
९ आगस्ट १९५८

श्री. शांतवनराव यांस सप्रेम सलाम.

तुमच्या पत्नीचं पत्र सोबत पाठवते आहे. शेवटून दुसरा परिच्छेद नीट वाचा. ‘कारण आहे, पण नवऱ्यालाही ठाऊक नाही.’ ज्या घरात बायको नवऱ्यापासून असं काही राखून ठेवते, त्या घरात माझी भाची वाढते आहे.

मला जे वाटतं ते स्पष्ट लिहिते. लेकराला न मारता, गोडीगुलाबीनं आपल्याकडे ओढायचं. एकदा ते आपल्या मुठीत आलं की मग हवं तिकडे न्यायचं. चंद्राबाईचं माहेर माणला आहे ना? तिचं तिकडे जाणं-येणं आहे का? जयाला ती बरोबर नेते का? तिथल्या देवांच्या पाया पाडते का? बाप्तिस्मा घेऊन माणसाची जुनी ओढ एका दिवसात जात नाही.

तुम्ही मऊ आहात, ते मार्था असल्यापासून मी पाहते आहे. पण तुम्ही बाप आहात. शास्त्रानं ते काम तुमच्यावर टाकलं आहे. तुमच्यानं होत नसेल तर जूनमध्ये मी येऊन जयाला इथं वसतिगृहात घेऊन जाईन.

सगुणाबाई


उरवडे,
२४ आक्टोबर १९५८

ती. सगुणाबाई यांस सा. सलाम.

उत्तराला फार उशीर झाला, क्षमा असावी. मला आधी खात्री करून घ्यायची होती.

मी चंद्राला तीन-चार वेळा विचारलं. ‘शब्द दिलाय’ एवढंच म्हणते. कुणाला दिला ते सांगत नाही. तिला फार खोदून विचारलं की उठून गोठ्यात जाते. तुमचं पत्र येईपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं, पण आता मी घरात आलो की दोघींचं बोलणं थांबतं असं मला दिसू लागलं आहे. पूर्वीही थांबत असेल. माझं लक्ष नसेल.

गेल्या गुरुवारी जया शाळेत आली नाही. संध्याकाळी विचारलं तर पोट दुखत होतं म्हणाली. चंद्रानंही मान हलवली. काल गाडीवान गेणबा सहज बोलून गेला, की गुरुवारी दोघींना त्यानंच माणच्या वाटेला सोडलं. मी घरी येऊन जयाचा त्या दिवशीचा झगा पाहिला. गळ्याशी पिवळा डाग होता. भंडाऱ्याचा.

आपला संशय खरा ठरला, याचं मला दुःख आहे. मी चंद्राला काही बोललो नाही. पण जया माझ्याशी खोटं बोलली, आणि बाप म्हणून मला जे करायचं आहे ते येत्या रविवारी करणार आहे. माझ्यासाठी प्रार्थना करावी. मी आजवर तिला बोटही लावलेलं नाही.

आपला,
शांतवन


नगर,
३० आक्टोबर १९५८

श्री. शांतवनराव यांस सलाम.

उशिरा का होईना, तुम्ही बापाचं काम अंगावर घेतलंत. तुमचं पत्र हाती आलं तोवर रविवार होऊन गेला होता.

पहिल्या वेळी मारणाऱ्यालाच जास्त लागतं. मलाही लागलं होतं. मन घट्ट ठेवा.

जया रडली का? रडली असेल तर चांगलं आहे. वेळेवर रडलेलं लेकरू पुढं आईबापांना रडवत नाही. सविस्तर कळवा.

सगुणाबाई


उरवडे,
१६ नोव्हेंबर १९५८

सगुणाबाई,

जया रडली का, असं तुमी मास्तरांस्नी इचारलंय. त्यांच्यानं लिववंना म्हनून मी लिवते. न्हाई रडली.

आयतवारी जेवनं झाली आन् मास्तरांनी तिला वट्यावर बोलावलं. हातात निरगुडीची फोक. म्हनाले, “गुरुवारी कुटं गेली हुतीस? खरं सांग.” ती गप. “तितं देवाच्या पाया पडलीस?” ती गप. मग पयला फटका पडला. मी मदी गेले तर मला म्हनाले, “तू बाजूला हो, तुझ्यामुळंच ह्ये झालंय.” आन् शास्त्रातली वाक्यं मोठमोठ्यानं म्हनाय लागले. एक वाक्य, एक फटका. पोर मागं मागं सरकत गेली आन् वट्यावरनं खाली दगडावर पडली. डावं कोपर मोडलं.

गेणबाच्या गाडीतनं पौडला नेली. तितल्या डाक्टरनं पट्ट्या बांधल्या आन् पुण्याला न्या म्हनला. पुण्याला पलस्तर घातलंय. हात पुरा सरळ व्हईल का न्हाई ते कुनी खात्रीनं सांगत न्हाई.

आता ती कुटं गेली हुती ते ऐका. माझी आई गोजराबाई माणला हातरुनाला खिळलीया. मी बाटले म्हनून माझा भाऊ भिवाजी मला दारात उभी करत न्हाई. आई सारखी तुझं नाव घेतीया, असा निरोप आला. एकली गेले असते तर त्यानं बाहेरनंच घालवली असती. ल्हान लेकरू संगं असलं तर घालवनार न्हाई, म्हनून जयाला नेली. आईनं तिच्या कपाळाला भंडारा लावला. मरनाच्या वाटंवर असल्याल्या म्हातारीचा हात मी धरला न्हाई. बाबांना सांगू नको, असं मीच जयाला म्हनले. मास्तरांस्नी कळलं असतं तर तुमाला कळलं असतं. म्हनून पोर गप ऱ्हायली. माझ्यापायी तिनं मार खाल्ला.

आन् मी हात का उचलत न्हाई, ते बी आता सांगते.

मार्थाताई लई आजारी हुती तवा मी तिचं अंग पुसायची. एका दुपारी पाय पुसताना पोटरीवर जुने वळ दिसले, पांढरे पडल्याले. म्या इचारलं, “ताई, ह्ये कशाचं?” तर हसून म्हनाली, “अक्काच्या मायेचं.” मग म्हनाली, “चंद्रे, मी गेल्यावर मास्तर तुला लगनाचं इचारतील. न्हाई म्हनू नको. पर मला शब्द दे. जयावर हात उचलायचा न्हाई. आन् तिला अक्काकडं धाडायची न्हाई.” म्या म्हनलं, “आवो, त्या तुमच्या सख्ख्या बहीन.” तर म्हनाली, “अक्का वाईट न्हाई गं. माझ्यासाठी तिनं लगीन केलं न्हाई. पर मला तिची माया कधी वाटलीच न्हाई, नुसती भीती वाटली. माझ्या जयाचं तसं हुऊ नये.”

मी ह्ये तुमाला कधी सांगनार न्हवते. गेलेल्या मानसाचं बोलनं जित्या मानसाला टोचाय काढू नये, एवढं मला कळतं. पर तुमच्या पत्रानं माझ्या लेकराचा हात मोडला.

चंद्रा


नगर,
२२ नोव्हेंबर १९५८

चंद्राबाई,

हे खोटं आहे.

मार्थाला मी मारलं होतं, ते मी कधी लपवलं नाही. तिचे पाय पुसणाऱ्या कुणालाही वळ दिसले असते, आणि त्यावर गोष्ट रचणं काही अवघड नाही. मेलेली माणसं साक्षीला येत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. त्या गोष्टीत मार्थानं तुला घर दिलं, नवरा दिला, मुलगीही दिली. सगळं तुझ्याच सोयीचं. एवढं मनात होतं तर ती मला का बोलली नाही? तिच्या नवऱ्याला का बोलली नाही? मोलानं ठेवलेल्या बाईलाच बरी बोलली!

लग्नानंतर मार्था मला दर महिन्याला पत्र लिहायची. ‘अक्का, तुझ्यामुळे मी घडले,’ हे तिचे शब्द आहेत. त्यात कुठं भीती आहे?

जयाच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. अवयव मोडेपर्यंत मारा असं मी सांगितलं नव्हतं, शास्त्रही सांगत नाही. पण खोटं बोलायला तू तिला शिकवलंस, तेव्हा माझ्या पत्राकडे बोट दाखवायच्या आधी स्वतःकडे पाहा.

सगुणाबाई


उरवडे,
११ डिसेंबर १९५८

ती. सगुणाबाई यांस सा. सलाम.

आपण चंद्राला लिहिलेलं पत्र तिनं माझ्यापुढं ठेवलं आणि ती भाकऱ्या थापायला गेली.

चंद्रा खरं बोलते का खोटं, हे मला सांगता येत नाही. मार्था मला यातलं कधीच काही बोलली नव्हती. आपण विचारलंत, नवऱ्याला का बोलली नाही? गेले काही दिवस मी स्वतःला तेच विचारतो आहे. चंद्रा खोटं बोलत असेल तर प्रश्न मिटला. पण खरं बोलत असेल, तर मार्थानं ते माझ्यापासून का राखलं? मी तुम्हाला कळवीन म्हणून? की तिला माझीही भीती वाटत होती? मी मऊ आहे असं आपण म्हणता. मऊ माणूस दुसऱ्याच्या सांगण्यावरून काय करतो ते मी त्या रविवारी पाहिलं.

जया माझ्याशी बोलते. विचारलं तर उत्तर देते, पाणी आणून देते. पण परवा खुंटीवरचा कंदील काढायला मी हात वर केला, तर ती दचकून भिंतीला टेकली. मग तिलाच लाज वाटली आणि ती हसली. ते हसणं मला बघवलं नाही.

मी मुलांना शास्त्र शिकवतो. शिक्षेची वचनं मला पाठ आहेत. पण बापांनी लेकरांना चिडवू नये, त्यांचं मन खचेल, अशीही आज्ञा त्याच शास्त्रात आहे. ती मी वर्गात कितीदा वाचून दाखवली असेल. त्या रविवारी ओट्यावर ती मला एकदाही आठवली नाही. आपल्याला ती कधी आठवली होती का? उद्धटपणा वाटला तर क्षमा करा. मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.

माझ्यावर आणि चंद्रावर आपला विश्वास नसेल तर आपण स्वतः या. जयाला विचारा. तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

शांतवन


नगर,
२६ फेब्रुवारी १९५९

सौ. चंद्राबाईस सलाम.

मी न कळवता आले ते मुद्दाम. पिरंगुटला एस.टी.तून उतरून चालत आले आणि कुंपणाशी थांबले. तुम्हाला बेसावध गाठायचं होतं.

तू अंगणात जयाचा डावा हात धरला होतास. तिच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता आणि तू तिला तो वर उचलायला लावत होतीस. पोर कळवळत होती. “बाई, सोड गं,” असं तुला म्हणत होती. तू सोडत नव्हतीस. मला वाटलं, सापडली. माझ्या पाठीमागं ही काय करते ते कळलं. मी फाटक ढकलणार, एवढ्यात तांब्या तिच्या खांद्यापर्यंत गेला, सगळं पाणी तुझ्या डोक्यावर सांडलं आणि तुम्ही दोघी हसत सुटलात. हात मोकळा व्हायला डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम होता तो. मला फाटकातून आत यायला जरा वेळ लागला, तो त्यामुळं.

तू मला पाहिलंस आणि तुझं हसू गेलं. जया घरात पळाली. तू चहा ठेवलास, माझ्यापुढं कप सरकवलास आणि घागर उचलून म्हणालीस, “मी इहिरीवर जाते. तुमी दोघी बोला. मी दाराआड उभी ऱ्हानार न्हाई.” खरं सांगते, तू गेल्यावर मी उठून दाराआड बघितलं. तू नव्हतीस.

जया धान्याच्या कणगीमागून बाहेर यायला तयार नव्हती. मी तिथंच जमिनीवर बसले. मग विचारलं, “तुझी आई माझ्याविषयी काय बोलायची?” म्हणाली, “काही नाही.” “आणि ही बाई काय बोलते?” “मावशी लई शिकलेली हाय, असं म्हणते.” मला वाटलं, पढवलेलं बोलते आहे. म्हणून जे कुणी पढवू शकणार नाही असं काहीतरी विचारावं म्हणून म्हणाले, “माझं पत्र आलं की आई काय करायची?”

ती म्हणाली, “सरळ बसायची. पत्र मांडीवर ठेवायची. मग दोन्ही हात पदरात घ्यायची आणि तसंच वाकून वाचायची.”

“हात पदरात का?”

“काय माहीत. गार वाटत असंल.”

चंद्राबाई, मी मार्थाला तळहातांवरही मारत असे. लहान असताना मी खोलीत शिरले की ती हात झग्याच्या घोळात लपवायची. हे तिच्या-माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक असणं शक्य नाही. जयाला तर नाहीच. लग्न होऊन, लेकराची आई होऊन, इतक्या लांब उरवड्याला राहूनही माझं अक्षर पाहिलं की ती हात लपवत होती.

तू पाणी घेऊन आलीस तोवर मी निघाले होते.

शांतवनरावांनी एक प्रश्न विचारला होता. त्यांना सांग, की ती आज्ञा मीही वाचली होती. ती बापांसाठी आहे, मी बाप नाही, असं मनाशी म्हणून पुढं वाचत गेले होते. शास्त्र मी सोडणार नाही. ते मला पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागेल, एवढं खरं.

तू मार्थाचं म्हणून जे लिहिलंस ते खरं होतं. मी तुला खोटी म्हटलं, मोलानं ठेवलेली बाई म्हटलं. ते शब्द मागे घेते. जयाला इथं आणायची गोष्ट मी पुन्हा काढणार नाही. शब्द तू दिला होतास आणि तू पाळलास.

वसतिगृहातल्या जुन्या मुली अधूनमधून मला भेटायला येतात. परवा एक आली, कडेवर मूल होतं. “बाई, तुमच्यामुळे मी घडले,” म्हणाली. पूर्वी मला हे ऐकून किती बरं वाटायचं. परवा मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिचे हात कुठं आहेत, तेच पाहत राहिले.

जयाला माझा सलाम सांगायचा की नाही, ते तू ठरव.

सगुणाबाई


उरवडे,
२० मार्च १९५९

मावशीस जयाचा सलाम.

बाईनं तुझा सलाम सांगितला. उत्तर लिही असं ती म्हणाली नाही, मीच लिहिते आहे. बाबांनी शुद्धलेखन तपासतो म्हटलं, पण मी दिलं नाही.

माझा हात आता कानापर्यंत जातो. वेणी घालता येते, पण डावीकडची वाकडी होते. बाईची आई, माणची आजी, वारली. बाईच्या भावानं आम्हाला घरात घेतलं आणि बाबा पण आले होते. बाबा आता प्रार्थना लहान करतात.

त्या दिवशी तू गेलीस तेव्हा मी कणगीमागून बघत होते. तू फाटकाशी उभी राहून रडलीस. बाईला मी सांगितलं नाही. तुला लपवायचं असेल म्हणून.

तू परत आलीस तरी चालेल. पण या वेळी आधी पत्र टाक. म्हणजे घरात थांबायचं का नाही, ते मी ठरवीन.

जया